कार्टच्या चाकाला शिसं

पोह्यांचा डबा उघडता उघडता मी बोलून गेलो, "काय मग, काल हिचे हात लय थरथरत होते म्हणे गाडीवर."

बोललो आणि तर्री वाढायला चमचा शोधू लागलो. त्यामुळे आजूबाजूचे सगळे गप्प झालेत हे मला जरा उशिराच कळलं. वर पाहिलं तर पोरांच्या हातातल्या कागदी प्लेटा तशाच पुढे धरलेल्या, त्यांचे सर माझ्या मुलीकडे बघताहेत आणि मुलगी माझ्याकडे. तिच्या त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी सुखाने पोहे खावेत.

आदल्या दिवशी जेवताना तिने ते मला सांगितलं होतं. आई आत भाकरी टाकत होती, तेवढ्यात हळूच सांगितलं होतं. "बाबा, वेग वाढला का स्टेअरिंग थरथरते. हात सुन्न होतात. पण मी तिथे बोलली तर म्हणतील, घाबरली." मी मान डोलावली होती. बापाने मान डोलावली की गोष्ट त्याच्यापाशी राहिली, असा तिचा समज असावा.

आता थोडं मागचं सांगायला हवं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि तिच्या कॉलेजच्या पोरांनी मिळून एक कार्ट बांधली आहे. कार्ट म्हणजे काय, हे गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात मला अजून कोणाला धड समजावता आलेलं नाही. समोरच्या घरच्या काकूंनी विचारलं होतं, "पोट्टी ट्रॅक्टर बनवून रायली म्हणे?" मी म्हटलं, हो, लहान ट्रॅक्टर. त्यावर त्या म्हणाल्या, नांगर लागते का त्याले? मी तिथेच विषय सोडला.

खरं म्हणजे ती शर्यतीची गाडी. जमिनीपासून पाटाच्या उंचीवर बसायचं, पाय पुढे पसरायचे, पाठीमागे इंजिन. चार चाकं, प्रत्येक आमच्या घरच्या मोठ्या कुकरएवढं. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. जमिनीवर जे काही असेल ते सरळ माणसाच्या हाडात येतं. मी एकदा तिच्यात बसून पाहिलं. बसलो बरा, उठवायला मात्र दोन पोट्टे लागले, त्यामुळे बसण्याच्या अनुभवाबद्दल मी फार बोलत नाही.

ती पळवायला जागा कुठली, तर तांदळाच्या गिरणीचा ओटा. आमच्याकडे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडून उन्हात पसरतात. त्यासाठी जुन्या गिरण्यांना चांगल्या मैदानाएवढे सिमेंटचे ओटे आहेत. या गिरणीत सुकवायची मशीन आली आणि ओटा मोकळा पडला. मालकाने पोरांना तो सकाळच्या वेळेपुरता दिला. वळणावळणावर कोंड्याने भरलेली पोती लावून पोरांनी रस्ता आखला. गाडी चुकली की पोत्यात शिरायची, कोंडा उडायचा आणि सगळे शिंकत बसायचे.

गाडी चालवणारे दोघे. एक माझी मुलगी आणि दुसरा तिरोड्याकडचा एक उंच पोरगा. स्पर्धा परराज्यात होती. तिच्यात एक छोटी शर्यत आणि एक लांबची. सगळा मान लांबच्या शर्यतीला, आणि ती एकानेच चालवायची. कोणी, ते सर ठरवणार होते. मुलीने दोन वर्षं रविवार पाहिला नव्हता. लोखंड कापून कापून तिच्या हातांवर डाग पडले होते. लांबच्या शर्यतीत गाडीत आपण असावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती आणि ती गोष्ट मी पोह्यांच्या डब्यापाशी वाटून टाकली.

शांतता मोडली ती चष्मेवाल्या पोराने. तो त्यांच्या टीमचा कॅप्टन. "थरथरतात म्हणजे? भीती वाटते का?"

"हात नाही थरथरत," मुलगी म्हणाली. "स्टेअरिंग थरथरते."

"त्याला तर नाही लागत." कॅप्टनने उंच पोराकडे पाहिलं.

उंच पोराच्या तोंडात पोहे होते. ते गिळून तो म्हणाला, "मले तं काही जाणवत नाही."

मग चर्चा सुरू झाली. चाकांचं बॅलन्सिंग करायला हवं का? मुलगी म्हणाली, करून तर पाहू. कॅप्टन म्हणाला, कार्टला कोणी करत नाही, एवढंसं तर चाक. तिसरा म्हणाला, त्याने व्हिडिओत पाहिलं, लोक करतात. चौथ्याने दुसरा व्हिडिओ पाहिला होता, त्यात म्हटलं होतं की फालतू वेळ घालवू नका. तेव्हा आपण झाल्या गोष्टीची काही भरपाई करावी म्हणून मी म्हणालो, "आमच्या कारचं तर टायर बदलताना दरवेळी करतात."

"काकाजी," कॅप्टन समजुतीच्या सुरात म्हणाला, "कार शंभरनं पळते. तिथे फरक पडतो."

"तुमची गेली का जी कधी शंभरच्या वर?" उंच पोराने विचारलं.

"उतारावर," मी म्हणालो.

सगळे हसले. सरही. मुलगी हसली नाही. सरांनी हात पुसले आणि म्हणाले, "रविवारी दोघांच्या फेऱ्या घेऊ. गाडी ज्याच्या हातात स्थिर, त्याला लाँग रेस."

घरी येताना ती माझ्या मागे स्कूटरवर बसली, पण मध्ये बॅग ठेवून. घरात शिरल्यावर बायकोने आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि फक्त मला विचारलं, "काय केलं तुमी?"

मी सांगितलं.

"कायले बोलले?"

"सहज."

"तुमचं सहज लय दूर जाते," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

मला वाटलं, बोललेलं परत घेता येत नाही, पण चाकं सरळ करता येतील. चाकं सरळ झाली की थरथर जाईल, थरथर गेली की बोलायला काही उरणार नाही आणि मुलगी मध्ये बॅग न ठेवता बसेल. माझा हिशोब इतका सोपा होता. दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला गाठलं आणि पुढची दोन चाकं मागून घेतली. मागची दोन एकाच दांड्यावर असतात, थरथर हातात येते ती पुढच्यांची, एवढं मला कळलं होतं. चाकं तांदळाच्या पोत्यात घालून मी गोंदियातल्या मोठ्या टायरवाल्याकडे गेलो.

टायरवाल्याने पोत्यात डोकावून पाहिलं. "भाईसाब, ये बच्चे की सायकल का है क्या?"

"रेसिंग का है," मी म्हटलं, शक्य तेवढ्या गांभीर्याने.

त्याने एक चाक मशीनपाशी धरलं. मशीनचा जो दांडा चाकाच्या मधल्या भोकातून जातो, तो या चाकातून घालणं म्हणजे गाढवाला सुईतून ओवणं होतं. त्याने कारागिरांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं. एक गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन उठून बघायला आलं. "मेरी मशीन इसको पकडेगी नहीं," टायरवाला शेवटी म्हणाला. "आप ऐसा करो, किसी हलवाई के पास ले जाओ. तराजू पे तौल देगा." आणि मला चहा पाजला. गोंदियात माणसाची थट्टा करून झाली की चहा पाजतात, ही चांगली पद्धत आहे.

पोतं घेऊन परत आलो तर मुलगी अंगणात होती. पोह्यांच्या दिवसापासूनचं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य हे: "मशीनवर ते बसणारच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तू बोलत कुठे होतीस?"

"विचारायचं तरी."

पण चाकं समोर पडलेली पाहून तिला राहवलं नाही. शनिवारी दुपारी तिने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पाठीकडे पाठ करून, मध्ये चाक मावेल एवढं अंतर ठेवून मांडल्या, त्यांच्यावर आडवी सळई टाकली आणि सळईत चाक अडकवलं. चाकाच्या बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस पुसून काढलं आणि त्यात आईच्या शिलाई मशीनचं पातळ तेल सोडलं. मग चाक हलकेच फिरवून ती मागे सरकली.

चाक फिरलं, मंदावलं, आता थांबणार असं वाटलं आणि उलट वळलं. मग पुन्हा सुलट. असं झोके घेत घेत एका जागी थांबलं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच जागा खाली.

"ही जड बाजू," ती म्हणाली, आणि तिथे खडूने खूण केली. माझ्याशी बोलायचं नाही हे ती विसरली होती. मी तिला आठवण करून दिली नाही. "एवढासा फरक आहे, बाबा. पण लहान चाक कारच्या चाकापेक्षा किती जास्त वेळा फिरते, ते धरा. दर फेरीला हा जडपणा एकदा वर ओढतो, एकदा खाली. कारमध्ये स्प्रिंग असते, रबर असते, अर्धं तिथेच मरते. इथे मध्ये कोणीच नाही. मीच आहे."

आता समोरच्या हलक्या बाजूला वजन लावायचं. मी बोल्टखाली घालायचे लोखंडी वायसर आणले. ते जाड, रिमच्या बाहेर आलेले. मी नाणी आणली. तिने नुसतं पाहिलं. तेवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली.

"शिसं चालते का?" तिने विचारलं.

तिचं माहेर नवेगाव बांधचं. वडील तलावात मासे धरायचे. ते गेले तेव्हा तिने त्यांचं फेकायचं जाळं इकडे आणलं होतं आणि माळ्यावर ठेवलं होतं. त्याच्या काठाला बोराएवढ्या शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. तिने ते खाली काढलं. दोर पार कुजले होते, हात लावला की भुगा होत होता. शिसं मात्र तसंच. मी कात्री घेऊन पुढे झालो तर म्हणाली, "राहू द्या, मी काढतो." आमच्याकडे बाया असं बोलतात, मी काढतो, मी जातो, बाहेरच्या माणसाला ते ऐकायला वेगळं वाटतं. तिने एकेक गोळी सोडवून मुलीच्या हातावर ठेवली.

"याच्यात बी असंच राहे," ती म्हणाली. "एका बाजूचं शिसं गळलं का जाळं गोल नाही पडत. बाबा फेकल्या फेकल्या सांगे, कोन्या अंगाचं गेलं ते."

"त्यांना दिसायचं?" मुलीने विचारलं.

"दिसत नव्हतं. हाताले समजे."

मुलीने ती गोळी जरा वेळ बोटांत धरून ठेवली.

गोळ्या हातोडीने ठोकून चपट्या करायचं काम मला मिळालं. मी एक गोळी आणि अंगठ्याचं अर्धं नख चपटं केलं. तिने कातरून कातरून तुकडे केले, रिमच्या आतल्या बाजूला चिकटवून पाहिले, काढले, पुन्हा लावले. आतल्या बाजूला का, तर फिरताना वजन बाहेर ढकललं जातं, म्हणजे ते आपोआप रिमवर दाबलं जाईल, उडणार नाही. वरून पत्र्याची चिकट टेप. हळूहळू चाकाचे झोके कमी झाले. आणि मग एक वेळ अशी आली की चाक कुठेही सोडलं तरी तिथेच राहिलं. व्हॉल्व्ह वर ठेवा, वर. बाजूला ठेवा, बाजूला. कशाची ओढ उरली नव्हती. मला ते बघत बसावंसं वाटलं. आमच्या घरात एखादी गोष्ट ठेवली तिथे राहिली, हे मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

"आता नाही थरथरणार," मी म्हणालो.

"माहीत नाही."

"आणि थरथरलंच, तर काय सांगशील उद्या?"

ती दुसऱ्या चाकाला खडू लावत होती. मान न वळवता म्हणाली, "मी काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही काही सांगू नका, एवढं करा."

रविवारी मी पोहे नेले नाहीत. हात रिकामे आणि तोंड बंद, असा ठरवून गेलो. ऊन अजून कोवळं होतं, गिरणीच्या पत्र्यावर कबुतरं बसली होती आणि पोरं चाकं चढवत होती. कॅप्टनने रिमच्या आत बोट घालून टेप पाहिली. "कशाचं वजन आहे हे?"

"मासे धरायच्या जाळ्याचं," मुलगी म्हणाली.

"मस्त. आता गाडी तळ्यात सोडू."

आधी उंच पोरगा निघाला. त्याने सफाईदार फेऱ्या मारल्या, वळणावर पोत्यांना चाटून गेला पण धक्का लागू दिला नाही, आणि येऊन थांबला. सरांनी विचारलं, "गाडी?"

"एकदम ठीक, सर."

मग ती बसली. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मला फक्त हेल्मेट दिसलं आणि स्टेअरिंगवर घट्ट धरलेले दोन हात. पहिली फेरी संपवून ती वेग कमी करत सरांपाशी आली, तसा मी लगबगीने पुढे झालो. "काय झालं?" तिने हेल्मेट हलवलं आणि पुन्हा गेली. दुसऱ्या फेरीला मी आधीच पुढे जाऊन उभा होतो. "काय झालं?" तिने काचेआडून पाहिलंही नाही. तिसऱ्यांदा ती नेहमीच्या आखलेल्या रस्त्याने न जाता ओट्याच्या लांबीला सरळ गेली, टोकाला वळली आणि आडवी आली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. "काऊन अशी चालवून रायली?" उंच पोरगा म्हणाला. मी फक्त कठड्याला धरून उभा होतो.

मग ती आली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं.

त्या क्षणी मला काय हवं होतं ते लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहितो. तिने "ठीक आहे, सर" म्हणावं, असं मला हवं होतं. खोटं असलं तरी चालेल. चाकं आम्ही नीट केली होती, सगळ्यांसमोर केली होती. आता तिने थरथर आहे म्हटलं तर बॅलन्सिंगही वाया आणि ती भित्रीही, एका वाक्यात दोन्ही ठरणार होतं.

"अजून थरथरते," ती म्हणाली.

कॅप्टनने हात पसरले. "बघा, सर. मी म्हणत होतो. काही फायदा नाही बॅलन्सिंगचा."

"फायदा आहे," ती म्हणाली. घाईने नाही, जुळवत जुळवत बोलत होती. "आधी सगळीकडे थरथरायचं. लांबीला जा का आडवं जा, सारखंच. आता लांबीला गेलं तर काहीच नाही, हात एकदम शांत. आडवं गेलं का थरथरते. आणि हे तसं बारीक नाही, हे ठोके आहेत. हळू गेलं तर मोजता येतात. वेग वाढवला का एकात एक मिसळतात." तिने हातमोजे काढले. "दोन गोष्टी होत्या, सर. एक चाकाची होती, ती गेली, म्हणून दुसरी कळली. दुसरी जमिनीची आहे."

सर ओट्यावर चालत गेले, खाली मान घालून. मीही खाली पाहिलं. माझ्या बुटाचं टोक सिमेंटमधल्या एका फटीत होतं. सकाळपासून मी अशाच फटींवरून मागेपुढे करत होतो.

मी पोटासाठी काय करतो हे अजून सांगितलं नाही, कारण सांगायला लाज वाटत होती. मी ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. खेड्यापाड्यांतले सिमेंटचे रस्ते ओतून घेतो. उभं आयुष्य काँक्रीटच्या लांब पट्ट्यांवर उभा राहून गेलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये फट सोडा म्हणून मजुरांवर ओरडणं हाच माझा धंदा आहे. अशा रस्त्यावरून गाडी गेली की फटींवर टक टक होतं, ते मला झोपेतही ओळखू येतं. हा ओटा लांबीला पट्टे पाडून ओतलेला, म्हणून आडवं गेलं की दर फटीवर ठोका. जुन्या ओट्यावर पट्ट्यांच्या कडा झिजल्या, एखादा पट्टा जरा खचला, की तो ठोका वाढतो. कुकरएवढं चाक तर तिथे निम्मं आत बसणार. हे सगळं मला पाठ होतं. आणि मी चाकं पोत्यात घालून गावभर हिंडलो. एक बरं की त्या वेळी कोणी मला माझा व्यवसाय विचारला नाही.

सर परत आले. त्यांनी उंच पोराला विचारलं, "तुला खरंच काही लागत नाही?"

त्याने एक हातमोजा काढला. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता, फुटून वाळलेला. मुलीने आपला हात पुढे केला. तिलाही तिथेच.

"लागते, सर," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून लागते. मले वाटलं सगळ्याइलेच लागत असंल. बोलून काय फायदा."

"मग ठीक आहे का म्हणालास?"

"तुमी स्थिर पायजे म्हनलं होतं."

यावर कॅप्टनला हसू आलं, पण त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "लाँग रेस ती चालवेल. तुझ्या हातात गाडी दिली तर ती मोडल्यावरच मला कळणार." मग कॅप्टनकडे वळून, "आणि मागची चाकंही बॅलन्स करा. स्पर्धेच्या ट्रॅकवर या फटी नसतील. चाकं हीच असतील."

उंच पोराने मुलीकडे पाहून हात झटकला, जाऊ दे अशा अर्थाने. त्याचं मन मोडलं होतं, ते दिसत होतं. तिने त्याला आपल्या बॅगेतली मलमाची ट्यूब दिली. त्याने ती घेतली. बस, एवढंच. या वयात पोरं जास्त बोलत नाहीत, आणि मला आता वाटतं की बरं करतात.

कार्टच्या चाकाचं बॅलन्सिंग खरंच लागतं का, असं मला तेव्हापासून दोघातिघांनी विचारलं आहे, कारण ही गोष्ट मी बरीच सांगत फिरतो. मी सांगतो, त्याने गाडी जोरात पळत नाही. घड्याळात फरक पडत असेल तर तो मला दिसला नाही. पण हातात येणारी एक शंका कमी होते. गाडीत नेमकं काय बिघडलं हे शोधताना निदान चाकावरचा आळ जातो, आणि मग पुढचं बोलणं ऐकू येऊ लागतं. ज्या गाडीत मध्ये स्प्रिंग आहे तिथे एवढी काळजी नाही केली तरी चालतं. जिथे मध्ये कोणीच नाही, तिथे रतीभर जडपणाही हाताला फोड आणतो. हे मी कार्टबद्दल सांगतोय, असं मी दर वेळी शेवटी सांगतो. ऐकणारा मान डोलावतो.

त्या रविवारी मुलगी तिथेच थांबली, मागची चाकं उतरवायला. मी एकटाच घरी आलो. बायको अंगणात वाळत घातलेल्या हिवाळ्याच्या वड्या उलटवत होती. मी खुर्ची ओढून तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिसऱ्या फेरीपर्यंत, हातावरच्या फोडापर्यंत. लांबची शर्यत पोरीला मिळाली हे ऐकून तिने दोन्ही हात थांबवले, मग पुन्हा कामाला लागली.

"पण त्या फटी ठेवता कायले?" तिने विचारलं. "सलग ओतलं असतं तं पोरीचे हात नसते सोलले."

हा माझा विषय. मी खुर्चीत नीट बसलो. म्हटलं, आपल्याकडचं ऊन काय असतं तुला माहीत आहे. उन्हात सिमेंट फुगतं, थंडीत आकसतं. त्याला हलायला जागा हवी. दोन पट्टे एकमेकांना भिडवून ओतले आणि मध्ये जागाच सोडली नाही, तर ते फुगून कुठेही, कसंही फुटतं. मग दुरुस्त करता येत नाही. म्हणून आपणच हिशोबाने जागा सोडायची.

"म्हंजे जागा नाही सोडली तं फुटते."

"हो. हमखास."

तिने शेवटची वडी उलटवली.

"एवढं ठाऊक आहे तुमाले," ती म्हणाली, "आन् पोरीले दर फेरीले जाऊन इचारता, काय झालं, काय झालं."